कापलेलं टोक

"एक भोक सैल ठिव," आप्पा म्हणाले.

मी दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून कुत्र्याच्या छातीखालचा पट्टा बक्कलात ओवत होते. पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली. दोन गेली, तिसरं अडलं. माप जसं हवं तसं बसलं होतं.

"का?" मी विचारलं.

"ठिव म्हंतो तर ठिव."

माझ्या बापाचं हे असंच होतं. कारण सांगायची वेळ आली की जीभ जड व्हायची. पाचगणीत टेबललँडवर जाणाऱ्या रस्त्याला आमचं दुकान. तिथं बसून चाळीस वर्षं त्यांनी घोड्यांची जिनं, लगाम, पोटाखालून जीन आवळायचे तंग शिवले. आम्हा आगवण्यांचा तंग चढावर सरकत नाही असं घोडेवाले सांगायचे. घोड्याशी आप्पा तासभर बोलत बसायचे, लेकीसाठी मात्र चार शब्द निघायचे आणि त्यातले दोन हुकूम असायचे. मी तेवीस वर्षांची होते. माझी बारावी झाल्यावर भाऊ पुण्याला कारखान्यात गेला आणि मी हट्टाने कातडं टोचायची आरी आणि कापायची रापी घेऊन दुकानात बसले. तेव्हापासून पाच वर्षांत मी शिवलेली एकही वस्तू हातात घेऊन आप्पा 'बरी झाली' म्हणाले नव्हते. टाका वाकडा असेल तर दाखवायचे. सरळ असेल तर वस्तू बाजूला ठेवून द्यायचे.

"मी नाही ठेवणार," मी म्हटलं. "सैल ठेवला तर कुत्रा मागं सरून बाहेर पडेल. त्यासाठी तर साहेबांनी शिवायला दिलाय."

साहेब समोर स्टुलावर बसून चहा पीत होते. पानवलकर साहेब. मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीतून लवकर निवृत्त होऊन त्यांनी दोन वर्षांपूर्वी इथे गावाच्या कडेला बंगला घेतला होता. बंगल्यात ते, एक माळी आणि हा कुत्रा, ड्यूक. कडक इस्त्रीचा झब्बा, आणि आवाज असा हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. पहिल्यांदा आले तेव्हा स्वतःहून चहा मागितला, आमच्या कपातून प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवला. गावातली मोठी माणसं आमच्या दुकानात उभ्या उभ्या काम सांगून जायची. आमच्या आळीत आठ दिवस त्या कपाची चर्चा होती.

आणि ते मला अहो-जाहो करायचे. "आप्पांचा हात मजबूत आहे," ते एकदा म्हणाले होते, "पण माप तुमचं बारीक आहे, विमलताई." त्यानंतर मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ड्यूक तपकिरी होता, छाती खोल, पोट आत गेलेलं. मान डोक्यापेक्षा जाड, त्यामुळे साधा गळपट्टा निघून यायचा. साहेबांनी मुंबईहून नायलॉनचा हार्नेस आणला होता. तो अंगावर घालून कुत्रा पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी नुसती बघत राहिले. काखेत कातडं सोललेलं, बरगड्यांवर खरचटलेलं, पाठीवर कमरेपर्यंत वळ.

"पट्टा लागलाय, साहेब," मी ठामपणे म्हटलं होतं. नवी चप्पल लागते तसा पट्टाही लागतो. घोड्यांच्या पाठी बघत मोठी झालेली मी, जखम दिसली की आधी पट्ट्याचा दोष शोधायची.

"तेच तर," साहेब म्हणाले होते. "बिचारा. काहीतरी करा तुम्ही."

मी आठ दिवस त्या कामाला लागले. साहेब रोज सकाळी त्याला सोडून जायचे, दुपारी घेऊन जायचे. गळ्याचं माप, छातीचं माप, दोन्ही पायांमधून पोटाखाली जाणाऱ्या पट्टीचं माप, सगळं तीनतीनदा घेतलं. गळ्याचं कडं घशावर न येता छातीच्या हाडावर बसायला हवं. पोटाचा पट्टा कोपरापासून चार बोटं मागं, म्हणजे चालताना काख घासत नाही. मऊ कातडं घेतलं, आतून लोकरीचा मऊ नमदा लावला, दोऱ्याला मेण चोळून दुहेरी टाका घातला.

कुत्रा सुरुवातीला मापाची टेपसुद्धा अंगाला लावू देईना. हात वर गेला की जमिनीला चिकटायचा आणि मुतायचा. भित्रं आहे, मला वाटलं. मग मी एक युक्ती केली. कडं एका हातात धरायचं आणि पलीकडून दुधात भिजवलेली भाकरी दाखवायची. भाकरी खायची तर डोकं कड्यातून घालायला हवं. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं. पाचव्या दिवशी भाकरी नसली तरी कडं दिसलं की शेपूट हलवत यायचा आणि आपलं आपण डोकं घालायचा. मला कोण अभिमान वाटला त्याचा!

आणि त्या दिवशी, हार्नेस पुरा झाल्यावर, त्याला चालवून, बसवून, वळवून झालं होतं. पुढून दोरी ओढून बघितली. कुत्र्यांची खोड अशी की डोकं खाली घालून मागं रेटा देतात आणि पट्टा डोक्यावरून काढून मोकळी होतात. ड्यूकने रेटा दिला. हार्नेस जागचा हलला नाही. आणि आप्पा म्हणतात, सैल ठिव.

"काय म्हणताहेत आप्पा?" साहेबांनी हळूच विचारलं.

"काही नाही. त्यांना घोड्यांची सवय," मी हसून म्हटलं. साहेबही हसले. आप्पा हसले नाहीत. ते कुत्र्याकडे बघत होते.

मी कप-बशी घेऊन आत गेले. आईला दोन शब्द सांगून बाहेर आले तर आप्पा कुत्र्यापाशी उकिडवे बसले होते, एक हात त्याच्या पोटाखाली. "जाऊ द्या आता," ते उठत म्हणाले. साहेब कुत्र्याला घेऊन उताराला लागले. मी दारात उभी राहून माझा हार्नेस दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब एकटेच आले. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात रिकामा हार्नेस. दुकानात दोन घोडेवाले तंग दुरुस्तीला घेऊन बसले होते.

"सकाळी फिरायला नेलं होतं," साहेब म्हणाले. आवाज तेवढाच हळू. "मागं सरला आणि निघून गेला. असो. चूक होते माणसाकडून."

मी हार्नेस हिसकावूनच घेतला. पोटाच्या पट्ट्याचं बक्कल माझ्या भोकात नव्हतं. एक भोक पुढं होतं, टोकाच्या बाजूला.

"माजं माप चुकलं, साहेब," आप्पा म्हणाले. "मीच सैल केलं. पोरीची चूक न्हाई."

घोडेवाले एकमेकांकडे बघायला लागले. चाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून कुणी 'माझं माप चुकलं' ऐकलं नव्हतं. माझे कान तापले. साहेबांनी आप्पांकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यावर विश्वास होता माझा, विमलताई. नीट करून ठेवा. कुत्रा मिळेल. जाऊन जाऊन जाणार कुठं?"

ते रस्त्याला लागेपर्यंत मी कशीबशी थांबले. घोडेवाले मात्र अजून बसलेले होते, त्यांची मी पर्वा केली नाही.

"तुम्ही का हात लावलात?"

"लावला."

"माझं माप बरोबर होतं!"

"व्हतं."

"मग?"

आप्पांनी तंग उचलला आणि दोरा ओवायला घेतला. मी तो तंग त्यांच्या हातातून ओढून फेकून दिला.

"तुम्हाला बघवत नाही! माझं काम कुणी चांगलं म्हटलेलं तुम्हाला बघवत नाही. पाच वर्षं झाली, एकदा तरी बरं बोललात? परका माणूस येऊन दोन चांगले शब्द बोलला, तर लगेच माझं काम बिघडवून ठेवलंत. हात थकलेत तुमचे. नजर गेलीय. दुकान सोडा आणि घरी बसा!"

एक घोडेवाला चप्पल शोधायला लागला. आप्पांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, पण आवाज चढला नाही.

"झालं का बोलून?"

"नाही झालं!"

"मग ऱ्हायलेलं रातच्याला बोल. कुत्रं गेलं त्ये गेलं. त्येला हुडकाया जाऊ नगं."

"का?"

"जाऊ नगं म्हंतो तर जाऊ नगं."

तळपायाची आग मस्तकात गेली. हार्नेस खांद्यावर टाकला, रापी कमरेला खोचली आणि निघाले. नाव बुडवलं आहे ना, तर आता मी कुत्रा शोधून, पट्टा माझ्या मापाने बांधून त्या माणसाच्या हातात देणार होते. आगवण्यांचं माप चुकत नाही हे आख्ख्या गावाला दिसायला हवं होतं. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

टेबललँडवर कुणी कुत्रा पाहिला नव्हता. खाली उतरताना दस्तगीरचाचाच्या तबेल्याशी थांबले. दस्तगीरचाचा म्हणजे आप्पांचे तीस वर्षांचे दोस्त. बारा घोडे होते त्यांचे, बाराही जिनं आप्पांच्या हातची. ते तबेल्याच्या दारातच बसले होते, दार लोटून. भर दुपारी तबेल्याचं दार लोटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"चाचा, तपकिरी कुत्रा दिसला का?"

"न्हाई ग बेटी. इकडं कुठलं कुत्रं?"

माझा आवाज ऐकला आणि आतून कुईकुई सुरू झाली. मग दाराच्या फटीतून तपकिरी नाक. मी दार ढकललं. ड्यूक माझ्या अंगावर झेपावला आणि तोंड चाटायला लागला. आत कडब्याजवळ पाण्याचं घमेलं होतं, भाकरीचे तुकडे होते. त्याच्या पाठीला हळद लावलेली होती.

"चाचा! तुम्ही लपवून ठेवलाय?"

"इमल, ऐक माझं. ह्याला नेऊ नको. आधी आप्पाला विचार."

"आप्पांना काय विचारायचं? सगळा घोळ त्यांनीच घातलाय. आता कळलं. दोघांनी मिळून चोरी केलीत!"

"चोरी म्हण, काय पण म्हण. आप्पानं सांगितलं हुतं, म्हणून सकाळच्याला वाटेवर धरला त्याला. उद्या सकाळच्याला माझा जावई ह्याला वाईला नेणार हाय. एक दिवसाचा सवाल हाय, बेटी."

"कशासाठी?"

चाचांनी कपाळावरचा घाम पुसला. "मी आप्पाला शब्द दिलाय. माझ्या तोंडनं नको. तू हितं बस. मी असा जातो आणि आप्पाला घेऊन येतो. पाच मिनिटं. बसशील?"

मी मान हलवली. म्हातारा माणूस धोतर सावरत उतारावरून पळत गेला.

ती पाच मिनिटं मी थांबले असते तर आज हे लिहायला बसले नसते. पण मी कशाला थांबेन? नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन जन्मलेली बाई मी. दोन म्हातारे मिळून माझी इज्जत घालवायला निघालेत, एवढंच डोक्यात होतं. मी खांद्यावरचा हार्नेस काढला आणि गळ्याचं कडं पुढं धरलं.

हातात भाकरी नव्हती. तरी ड्यूकने शेपूट हलवली, पुढं आला आणि आपलं आपण डोकं घातलं.

पोटाचा पट्टा माझ्या भोकात अडकवला. दोन बोटं गेली, तिसरं अडलं. आप्पांचं ते सैल भोक बक्कलाच्या पुढं टोकावर तसंच होतं. त्याच्याकडे बघून माझा पुन्हा भडका उडाला. रापी काढली आणि ते टोक भोकासकट कापून टाकलं. दोन बोटांएवढा तुकडा कडब्यात पडला. आता जगात कुणालाही तो पट्टा माझ्या मापापेक्षा सैल करता येणार नव्हता. मी मागच्या पायवाटेने निघाले.

बंगल्याच्या शेवटच्या वळणापर्यंत ड्यूक उड्या मारत आला. वळणावर बसला. उठेना. मी ओढलं. त्याने डोकं खाली घातलं आणि मागं रेटा दिला, सगळ्या अंगाचा जोर लावून. पट्टा सरकला नाही. त्याने अंग पिळून बघितलं, एक पाय काढायचा प्रयत्न केला, पुन्हा रेटा दिला. घशावर जरासुद्धा दाब नव्हता, काखेत कुठं घासत नव्हतं, आणि तो बाहेरही पडू शकत नव्हता. असाच हार्नेस मला करायचा होता. मी मनात म्हणत होते, बघा आप्पा, बघा.

शेवटचा टप्पा मी त्याला जवळजवळ फरफटत नेलं.

साहेब व्हरांड्यातच होते. उठून फाटकापर्यंत आले. "वा!" ते म्हणाले. वाकून त्यांनी पोटाच्या पट्ट्याखाली बोट घालून बघितलं.

"दोन जातात साहेब, तिसरं नाही."

"आणि हे टोक?"

"कापलंय. आता कुणी सैल करू शकणार नाही."

"उत्कृष्ट," ते म्हणाले. "उत्कृष्ट काम आहे."

ड्यूक फरशीला चिकटून पडला होता. त्याच्या खाली पाणी पसरलं. घरी आला म्हणून दमून पडला, असं मी स्वतःला सांगितलं. इतकी वर्षं झाली, ते मी स्वतःला कसं सांगू शकले ते मला कळत नाही.

दुकानात आप्पा आणि चाचा उभे होते. दोघांनाही धाप लागलेली. आप्पांच्या हातात तो कापलेला तुकडा होता.

"दिलंस?"

"दिलं."

"कितव्या भोकात?"

"माझ्या. टोक तुमच्या हातातच आहे."

आप्पा खाली बसले. चाचा दुसरीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटले.

"इमल," आप्पा म्हणाले, "कुत्र्याचा पट्टा कुठनं कुठनं जातो, सांग."

"आता परीक्षा घेताय माझी?"

"सांग."

"गळ्याभोवती. छातीवरून, पायांमधून. पोटाखालून, खांद्यामागून पाठीवर."

"कमरंवरनं जातो?"

"नाही."

"त्यो नायलॉनचा जात हुता?"

मी आठवून बघितलं. नायलॉनचा हार्नेसही खांद्यामागेच संपत होता. त्याच्यामागे पट्टा नव्हताच.

"मग कमरंवर वळ कशाचं हुतं?"

आप्पांनी खुंटीवरचा एक चाबूक काढला. तसे चार-पाच नेहमी टांगलेले असायचे. घोडेवाले नुसता हवेत वाजवायला वापरायचे, टुरिस्ट भिंतीवर लावायला न्यायचे. घमेल्यात भिजत घातलेलं कातडं होतं, त्यातला एक तुकडा आप्पांनी फरशीवर पसरला आणि चाबूक त्यावर दाबला. उचलला.

ओल्या कातड्यावर तीन पदर उमटले. मधला खोल, बाजूचे दोन उथळ.

"मधला पदर उंच ठिवून म्या इनतो," आप्पा म्हणाले. "दुसरं कोन असं इनत न्हाई. दिवाळीत त्येनं एक न्हेला. दारात घोडा न्हाई. म्हनला, भिंतीवर लावाया."

तो वळ मला ओळखायला वेळ लागला नाही. आठ दिवस रोज त्याच्यावरून टेप फिरवली होती मी. आणि रोज म्हणत होते, पट्टा लागलाय.

"मला सांगितलं का नाहीत?" मी किंचाळले. "तोंड शिवलं होतं का तुमचं? एक शब्द! एक शब्द सांगितला असता तर मी स्वतः सोडला असता त्याला!"

"तू गप ऱ्हायली असतीस?" आता आप्पाही ओरडले. आयुष्यात मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. "त्येच्या दारात जाऊन बोंबलली असतीस! त्येनं गाडीत घालून मुंबईला न्हेलं असतं, आन मग काय केलं असतंस? म्हनून गप ऱ्हायलो. माप चुकलं म्हनलो, चार लोकांत. माजं माप!" मग आवाज खाली आला. "आन माज्या हातचाच चाबूक. लेकीला काय सांगू?"

मी पुढचं ऐकलं नाही. पळत सुटले.

फाटकाला आतून कडी होती. मी फाटक हलवलं, ओरडले, दगड मारला. साहेब शांतपणे चालत आले.

"काय झालं, विमलताई?"

"कुत्रा द्या."

"कुणाचा कुत्रा?"

मग माझं तोंड सुटलं. माणसाला ज्या ज्या शिव्या देता येतात त्या सगळ्या दिल्या. बाजूच्या बंगल्यातली माणसं बाहेर आली. साहेब ऐकत उभे राहिले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "तुम्हीच आणून दिलात ना? स्वतःच्या हातानं?" आणि मग, नेहमीच्या त्याच आवाजात, "फार छान बसलाय पट्टा."

मी फाटकावर चढायला लागले. मागून आप्पांनी मला धरलं. आतून कुत्र्याचा आवाज येत नव्हता. आवाज आला असता तर आप्पांच्यानेही मला धरवलं नसतं.

सकाळी उजाडता उजाडता मी आणि चाचा पुन्हा गेलो. बंगल्याला कुलूप. रात्रीतच गाडी गेली, माळी म्हणाला. कुत्रा? तोही गेला. पत्ता त्याला माहीत नव्हता, किंवा सांगायचा नव्हता. आप्पांनी त्या दिवशी खुंटीवरचे सगळे चाबूक काढले आणि चुलीत घातले. पुन्हा एकही विणला नाही.

आप्पा आणि मी कामापुरतं बोलायचो. मी माफी मागितली नाही. त्यांनीही मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, निदान उलटून भांडता आलं असतं. राग काढायला कुणी नव्हतं, म्हणून मी कातड्यावर काढायची.

श्रावण संपत आला असताना तो माळी दुकानात आला. बंगला विकला होता आणि तो शेवटचं सामान काढत होता. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी फळीवर ठेवलं. "सायबांनी धाडलंय," म्हणाला आणि थांबलाच नाही.

आत हार्नेस होता. आणि एक चिठ्ठी, सुंदर अक्षरात.

'कुत्रा गेला. पट्टा अजून नव्यासारखा आहे, कुणाच्या उपयोगी पडावा. काम उत्कृष्ट.'

मी चिठ्ठी आप्पांना वाचून दाखवली. त्यांनी हार्नेस हातात घेतला. खिशातून चष्मा काढून लावला. गळ्याच्या कड्यापासून सुरू करून एकेका टाक्यावरून अंगठा फिरवत पोटाच्या पट्ट्यापर्यंत आले. बक्कल माझ्याच भोकात होतं. आतल्या बाजूने, तोंड पोचेल तिथं, कातडं दातांनी चावून चावून भुसकट झालं होतं. एक टाका तुटला नव्हता.

"टाकं सरळ पडल्यात, इमल," आप्पा म्हणाले. "झ्याक काम झालंय."

हे ऐकायला मी पाच वर्षं थांबले होते.

मी हार्नेस त्यांच्या हातातून घेतला आणि रापी घेऊन तो उसवायला बसले. दोरा मेणाचा, टाका दुहेरी. रापीला धार होती, हात माझाच होता, कुठली गाठ कुठं मारलीय ते मला पाठ होतं. तरी शेवटचा टाका निघेपर्यंत संध्याकाळ झाली.

त्याच्याकडे तर नुसते दात होते.